विहीणबाईंनी पाठवलेले उंदीर

घुबड जमिनीवर बसत नाही. चार महिन्यांत स्मिता जे काही शिकली होती, त्यात ही गोष्ट पहिली. जखमी असो, म्हातारं असो, रुसलेलं असो, त्याला उंच जागा लागते. खाली उतरून कोपरा धरला की समजायचं, काहीतरी बिनसलं.

मंगळवारी सकाळी साडेसातला तिनं तीन नंबरच्या पिंजऱ्यावरचं गोणपाट उचललं, तर दांडी रिकामी. गव्हाणी घुबड खाली, भिंतीला टेकून बसलेलं. पत्त्यांतल्या बदामासारखा त्याचा तो पांढरा चेहरा पुढे झुकलेला. रोज ती दिसली की मान गोल फिरवून फिस्स करायचं. आज डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर कपाळावरच्या टिकलीएवढा एक लाल ठिपका होता. शेजारी आणखी एक. रोज पहाटे घुबड उंदराचे केस आणि हाडं यांची काळी गोळी ओकून टाकतं, तीही आज नव्हती.

स्मिताच्या हातातला झाडू हातातच राहिला. आणि आधी मनात आली ती पक्ष्याची काळजी नव्हे, हे तिचं तिलाच कळलं. आधी आठवली ती आपली चोरी.

ही जागा रघुनाथरावांची. चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींना सुया टोचून ते रिटायर झाले आणि सौंसर रोडवरच्या आपल्या संत्र्याच्या बागेमागे त्यांनी घायाळ घारी-घुबडांसाठी चार खोल्या बांधल्या. वनखात्याचा कागद भिंतीवर लावला. त्याच्या बाजूला निळ्या रंगानं तीन नियम लिहिले: बोलू नये. नाव ठेवू नये. बाहेरचं खाऊ घालू नये.

स्मिता इथे आली ती अंगणात पडलेला एक पिंगळा पिशवीत घालून. दुसऱ्या दिवशी आली तो कसा आहे ते बघायला. तिसऱ्या दिवशी रघुनाथरावांनी काही न बोलता तिच्या हातात झाडू दिला. लेकीचं, सायलीचं, लग्न होऊन घर नुकतंच रिकामं झालं होतं, आणि नवरा मोरेश्वर शाळेतून आल्यावर फक्त वर्तमानपत्राशी बोलायचा, तेव्हा झाडू तिला बराच बरा वाटला. पहिला नियम तिला फार जड गेला. एक्कावन्न वर्षांत ती इतका वेळ गप्प कधी बसलीच नव्हती. दुसरा तिनं मनातल्या मनात मोडला होता. या घुबडाला ती मनात ‘पाहुणा’ म्हणायची. आणि तिसरा मोडला परवा.

परवा रविवारी जावई, प्रफुल्ल, मोटरसायकलवर येऊन एक स्टीलचा डबा देऊन गेला. घट्ट झाकणाचा, भारी डबा, झाकणावर मशीननं कोरलेलं: ‘सौ. प्रेमलता’. विहीणबाईंचं नाव. पाठोपाठ सायलीचा फोन.

“आई, डबा भेटला? आईंनी पाठवला. तू मागच्या वेळी म्हणून राहिली होती न, तुमच्या घुबडाला उंदीर लागतात? आमच्या कापसाच्या खोलीत चिक्कार झाले. खास पिंजरा लावून धरवले त्यांनी तुझ्यासाठी. सहा आहेत.”

“उंदीर? विहीणबाईंनी?”

“हो न! फ्रीजमध्ये ठेव जल्दी.”

आता हे समजायला सावरगाव समजावं लागतं. सायलीचं सासर सावरगाव आणि स्मिताचं पांढुर्णा यांच्यामध्ये एक जाम नदी आणि वर्षातला एक दिवस गोटमारीचा, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकण्याचा. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस सोयरिकी. पण सोयरीक म्हटलं की मुलीकडच्यांनी जरा वाकूनच चालायचं. प्रेमलताबाईंच्या घरात अंडं शिजत नाही, चपला उंबऱ्याबाहेर एका रेषेत असतात, आणि सायलीच्या लग्नात वरण थोडं पातळ झालं होतं ते आठ महिन्यांनीही त्यांच्या लक्षात होतं. त्या बाईनं आपण होऊन, आपल्या नावाच्या डब्यात, विहिणीच्या घुबडासाठी उंदीर पाठवावेत, म्हणजे स्मिताला बनारसी शालू मिळाल्यासारखं झालं. असा डबा परत करतात का? ‘हे पिंजऱ्यातलेच ना, औषधानं मेलेले नाहीत ना’ असं विहिणीला विचारतात का? पोरगी त्या घरात नांदतेय.

तिनं तीन उंदीर रविवारी संध्याकाळी घातले, तीन सोमवारी. वहीत ‘उंदीर ३’, ‘उंदीर ३’ असं लिहिलं. कुठले ते नाही लिहिलं. रघुनाथराव स्वतः पेटीत पाळलेले पांढरे उंदीर देत, ते तिनं तसेच पेटीत राहू दिले. आणि हा पाहुणा येत्या रविवारी सुटायचा होता. संत्र्याच्या बागेच्या काटेरी तारेत फाटलेला त्याचा पंख भरून आला होता.

“काय झालं स्मिताताई? पुतळा काहून झाल्या?” रघुनाथराव मागे उभे होते. त्यांनी पिंजऱ्यात पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “कधीपासून?”

“मी आली तेव्हापासून असंच आहे.”

त्यांनी वही उघडली. बोट ओळीवरून फिरलं. “काल उंदीर तीन. परवा तीन.” मग ते पेटीकडे गेले, आत डोकावले, बोटानं मोजले. परत आले. वही तिच्यापुढे धरली.

“माझ्या विहीणबाईंनी पाठवले होते,” स्मिता म्हणाली. “पिंजऱ्यातले. सायली म्हणाली पिंजऱ्यातले.”

“तुम्ही पाह्यला पिंजरा?”

“नाही.”

“शेतकऱ्याच्या घरचे उंदीर, ताई. कापसाच्या दिवसातले.” एवढंच म्हणून त्यांनी, आपलाच पहिला नियम मोडून, डॉक्टर हिमानीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

हिमानी सौंसरला सरकारी दवाखान्यात होती, आणि इथल्या पक्ष्यांची खरी डॉक्टर तीच. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पंखावरची खपली ओली आहे का?”

रघुनाथरावांनी टॉर्च मारला. “ओली दिसते. थेंब थेंब येऊन राहिलं.”

“तारेला घासूनही येऊ शकतं. पण विष असेल तर दोन तऱ्हेचं असतं, काका. एक रक्त पातळ करतं. त्याला उतारा आहे, व्हिटॅमिन के, तुमच्या फ्रीजमध्ये आहे. ते आजच्या आज, लवकर टोचायला हवं. दुसरी काळी भुकटी. तिला उतारा नाही. ती पोटात असेल आणि तुम्ही पक्ष्याला हातात दाबून धरलं, तर तो हातातच जाईल. त्याला नुसतं शांत, हवेशीर ठेवायचं, आणि वाट बघायची. म्हणजे एकात धरायचं, एकात हात लावायचा नाही. मला पुडीचं नाव पाहिजे.”

“तू येतेस का?”

“निघते. पण आज मंगळवार आहे, जामसांवलीच्या मारुतीला रस्ताभर गाड्या असतील. माझी वाट बघू नका. रक्त पातळ झालं असेल तर दुपारपर्यंत थांबणं म्हणजे…” तिनं वाक्य सोडून दिलं. “नाव विचारा. कोणी पाठवले त्यांनाच माहीत असेल.”

फोन बंद झाल्यावर रघुनाथराव स्मिताकडे वळले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“जा,” ते म्हणाले. “दहाच्या आत.”

स्मिता स्कूटीजवळ गेली आणि परत फिरली. डबा. धुऊन पुसून ठेवलेला डबा तिनं पिशवीत घातला. मग थांबली, कारण डबा रिकामा परत करत नाहीत. जीव टांगणीला लागलेला असतानाही हा विचार डोक्यात आला याची तिला स्वतःचीच कीव आली, पण आला. तिनं डब्यात चहापत्तीचं एक बंद पाकीट टाकलं. बंद, कारण त्या डब्यात उघडं काही घालायची तिची छाती झाली नाही.

आधी तिनं सायलीला फोन लावला. तीनदा. उचलला नाही.

जाम नदीच्या पुलावरून जाताना ती वाक्यं जुळवत होती. विहीणबाई, सहज विचारते… विहीणबाई, राग मानू नका… विहीणबाई, तुमचे उंदीर फार चांगले होते, पण… शेवटचं वाक्य तिला मोठ्यानं ऐकू आलं आणि पुलावरच्या दूधवाल्यानं वळून पाहिलं.

प्रेमलताबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठीची, ताठ पाठीची बाई. स्मिताला पाहून त्यांनी पदर सारखा केला. “या बाप्पा, विहीणबाई! इतक्या सकाळी? सगळं ठीक आहे न? सायली, तुझी आई आली वं!”

“सगळं ठीक आहे. म्हणजे… डबा द्यायला आले.”

प्रेमलताबाईंनी डबा हातात घेतला, झाकणावरचं आपलं नाव पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हा तुमच्याकडे होता? तीन दिवसांपासून शोधून राहिली मी! कुरड्या भरायला काढला होता.” त्यांनी झाकण उघडलं. “चहापत्ती?”

स्मिताच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग तिनं मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात सायली उभी होती. हात पिठाचे, चेहरा पिठासारखा. ती आईकडे पाहून हळूच मान हलवत होती: नको. नको.

म्हणजे विहीणबाईंनी काही पाठवलंच नव्हतं. पोरीनं सासूच्या नावाचा डबा उचलला होता, सासूच्या नावानं प्रेम पाठवलं होतं. दोन आयांमधली पातळ वरणाची गोष्ट बुजावी म्हणून. आणि ज्या घरात अंडं शिजत नाही, त्या घरातल्या कुरड्यांच्या डब्यात सहा मेलेले उंदीर भरले होते.

अजून सावरता येत होतं. ‘प्रफुल्लकडून चुकून आला’ म्हणायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. सायलीला एकीकडे घेऊन विचारायचं. पण पोरीला पुडीचं नाव कुठून माहीत असणार? या घरातली प्रत्येक पुडी कोण आणतं, कुठे ठेवतं, हे एकाच बाईला माहीत होतं, आणि ती समोर डबा हातात धरून बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. स्मिताला वर्तमानपत्रावरची ती टिकली दिसली.

“विहीणबाई,” ती म्हणाली, आणि जुळवलेली सगळी वाक्यं पुलावरच राहिली. “या डब्यात माझ्याकडे उंदीर आले होते. तुमच्या घरचे. ते मी घुबडाला घातले आणि ते मरून राहिलं. तुमच्या घरी उंदरांचं कोणतं औषध टाकता, त्याचं नाव मला पाहिजे. आत्ता.”

प्रेमलताबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग डबा हळूच, दोन बोटांनी, दूर जमिनीवर ठेवला.

“माझ्या डब्यात,” त्या म्हणाल्या, “उंदीर.”

“आई, मी…” सायली दारातून पुढे आली. “मी पाठवले. तुमचं नाव सांगतलं. आईला बरं वाटलं असतं म्हणून. तुळशीरामभाऊंना पिंजरा लावायला सांगतला होता, औषधाचे नव्हते, खरंच…”

“तू गप.” मग स्मिताकडे वळून: “माझं नाव घेऊन तुम्ही त्याले खाऊ घातलं?”

“हो.”

“माझ्या घरचं म्हणून?”

“हो.”

प्रेमलताबाई उठल्या. स्मिताला वाटलं, आता आत जातील, दार लावतील, आणि पोरीच्या नशिबी पुढची वीस वर्षं हा डबा येईल. त्या आत गेल्याच. पण कपाटाचा आवाज आला, पत्र्याच्या पेटीचा आवाज आला, आणि त्या दोन रिकाम्या पुड्या घेऊन बाहेर आल्या.

“घरात विष आलं की मी पुडी फेकत नाही. उद्या लेकराबाळानं तोंडात टाकलं तर डॉक्टरले काय दाखवू? ह्या घ्या. ही निळ्या वड्यांची, कापसाच्या खोलीत ठेवतो. आणि ही काळी भुकटी, शेतात, बांधावरच्या बिळात.”

स्मितानं दोन्ही पुड्या हातात घेतल्या. एकात धरायचं, एकात हात लावायचा नाही. म्हणजे जिथे होती तिथेच ती पुन्हा उभी होती.

“यातली कोणती? उंदीर खोलीतले होते की शेतातले?”

“ते तुळशीरामलेच माहीत. तो वावरात हाय. फोन घरी ठेवून जाते येडा.” प्रेमलताबाईंनी चपला पायात सरकवल्या. “चला. तुमच्या त्या गाडीवर मावते का मी?”

वावर कोसावर नव्हतं, पण बैलगाडीच्या चाकोरीतून स्कूटी नेणं म्हणजे वेगळंच काम. मागे विहीणबाई ताठ बसलेल्या, स्मिताच्या खांद्याला हात न लावता. तोल गेला तरी चालेल पण विहिणीला धरायचं नाही. एका खड्ड्यात मात्र त्यांनी तिचा पदर घट्ट पकडला आणि मग सोडला नाही.

तुळशीराम कापूस वेचणाऱ्या बायांजवळ उभा होता. पंचेचाळिशीचा, बारा वर्षांपासून त्या घरचं शेत बघणारा माणूस. मालकीण स्कूटीवर आलेली पाहून त्याच्या तोंडातली सुपारी थांबली.

“सायलीबाईनं उंदीर मांगतले होते, ते कुठचे?” प्रेमलताबाईंनी उतरता उतरताच विचारलं.

“पिंजऱ्यातले, बाई. साईच्या साई.”

“सहाही?”

“हाव.”

“कोन्या दिवशी धरले?”

“शनवारी. एका रातीत.”

“एका पिंजऱ्यात, एका रातीत सहा?” प्रेमलताबाई म्हणाल्या. “तुळशीराम, बारा वर्षांत तुह्या पिंजऱ्यात एका रातीत दोनाच्या वर उंदीर मी पाह्यला नाही.”

कापूस वेचणाऱ्या बायांपैकी एक फिसकन हसली आणि गप्प झाली. तुळशीराम पायाकडे पाहू लागला. स्मिताला त्याचा गळा धरावासा वाटला. नऊ पंचेचाळीस.

“भाऊ,” ती म्हणाली, “कोणी तुमच्यावर रागावणार नाही. मी चुकली, मी न पाहता घातले. फक्त खरं सांगा. तुम्ही खरं सांगितलं तर घुबड वाचू शकते.”

तो तिच्याकडे नाही, मालकिणीकडे पाहत होता.

“माह्या नावाचा डबा होता त्याच्यावर,” प्रेमलताबाई हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. “माह्या घरचं जेवून कोणी मेलं, असं आजवर झालं नाही. घुबड असो का कोणी. सांग.”

“चार पिंजऱ्यातलेच होते बाई, दोन रातीतले,” तुळशीराम एका दमात म्हणाला. “सायलीबाई म्हणे सहा पायजेत, आईले पाठवायचे हायेत. चारच कसे द्यावं? दोन तसेच भेटले. पडले होते. ताजे होते, बाई! वासबिस काही नव्हता.”

“कुठं भेटले?” दोघी एकदम.

“कापसाच्या खोलीत. गंजीखाली.”

“वावरातले नाही? बांधावरचे?”

“नाही बाई, आईची आण. खोलीतले.”

स्मितानं निळ्या वड्यांच्या पुडीचा फोटो काढला. घाईत पहिल्या दोन फोटोंत नुसतं आभाळ आलं. तिसरा पाठवला. फोनवर रेंजची एकच काडी होती. निरोप गोल फिरत राहिला, फिरत राहिला. मग हिमानीचा फोन आला, मागे हॉर्नच हॉर्न.

“रक्त पातळ करणारं आहे. टोचा. मी काकांना डोस सांगते. आणि ताई, धरताना छातीवर दाब नको. सुई टोचली तिथून रक्त थांबणार नाही, म्हणून दाबून धरायचं, पाच मिनिटं, घड्याळ लावून. तुम्ही किती जण आहात?”

“रघुनाथराव आणि मी.”

“दोघं कमी पडतील. पंखाची खपलीही दाबून ठेवावी लागेल. मी तर अजून इथेच अडकलेय.”

“तिघं हाओत,” मागून प्रेमलताबाई म्हणाल्या.

सौंसर रोडवर, बागेमागे पोहोचेपर्यंत साडेदहा झाले होते. रघुनाथरावांनी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता, इंजेक्शन भरून ठेवलं होतं. त्यांनी नऊवारीतल्या अनोळखी बाईकडे पाहिलं, भिंतीवरच्या पहिल्या नियमाकडे बोट केलं, आणि बस्स. प्रेमलताबाईंनी नियम वाचला आणि ओठ मिटले.

स्मितानं चामड्याचे मोजे चढवले आणि पिंजऱ्यात गेली. घुबडानं फिस्स केलं नाही. पंख उघडले नाहीत. तिनं त्याच्यावर टॉवेल टाकला, आधी पाय, असं शिकवलं होतं, आधी पाय. दोन्ही पाय बोटांमध्ये घेतले आणि उचललं. एवढं मोठं दिसणारं पाखरू, आणि वजन? दोन-तीन संत्र्यांएवढं. टॉवेलमधून त्याचं काळीज तिच्या तळव्याला लागत होतं. फार जलद. मग, टेबलाजवळ येईपर्यंत, कमी जलद.

रघुनाथरावांनी छातीवरची पिसं ओल्या बोटानं बाजूला केली. सुई गेली. बाहेर आली. त्या जागी लाल मण्यासारखा थेंब उभा राहिला आणि वाढू लागला.

त्यांनी कापसाचा बोळा पंखाच्या खपलीवर दाबला, कारण तिथूनही आता वाहत होतं. दुसरा बोळा त्यांनी प्रेमलताबाईंपुढे धरला आणि छातीकडे खूण केली.

प्रेमलताबाईंनी पाहिलं. सकाळच्या वेळी या पाखराचं नाव त्यांच्या घरात कोणी घेत नसे. त्यांनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि तर्जनी त्या थेंबावर ठेवली.

घड्याळ भिंतीवर होतं. एक मिनिट. बाहेर संत्र्याच्या झाडांत कुठेतरी सूर्यपक्षी चिवचिवत होता. दोन मिनिटं. स्मिताला काही म्हणायचं होतं, पाहुण्याला, थांब रे, असं काहीतरी, पण तिनं दात दाबले. टॉवेलखाली काळीज इतकं हळू झालं की तिला आपलेच ठोके ऐकू येत असावेत असं वाटलं. तिनं रघुनाथरावांकडे पाहिलं. त्यांनी नजर दिली नाही.

तीन मिनिटं. एकदा पायांतली ताकद पूर्ण गेली. नख्या तिच्या मोज्यावरून सुटल्या, मऊ, कोमेजल्या वेलीसारख्या. प्रेमलताबाईंनी मान वर केली. डोळे भरले होते पण बोट हललं नाही. स्मितानं फक्त पकड सैल केली, एक केसभर, श्वासाला जागा म्हणून.

चार. आणि मग नख्या पुन्हा वळल्या. एकेक करून. चामड्यात रुतल्या, इतक्या की तिला दुखलं. आयुष्यात काही दुखल्यामुळे तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पाच मिनिटांनी बोळा काढला, तर थेंब आला, पण लहान. पुन्हा पाच मिनिटं. मग नाही आला.

हिमानी दीडला पोहोचली तेव्हा घुबड पिंजऱ्यात होतं, अंधार करून, सगळ्यात खालच्या दांडीवर. बसलेलं नव्हतं, चिकटलेलं होतं म्हणा. तिनं जाळीतून बराच वेळ पाहिलं. “आज काहीच सांगता येणार नाही,” ती बाहेर येऊन म्हणाली. “उद्या सकाळी गोळी टाकली, तर पोट चालू आहे असं समजू. तरी तीन आठवडे औषध. रविवार विसरा.”

प्रेमलताबाई तेवढा वेळ बाहेर बाकावर एक शब्द न बोलता बसल्या होत्या. गेटबाहेर, नियमाच्या हद्दीपलीकडे पाय पडल्यावर त्यांनी मोठा श्वास घेतला.

“मरणाचं मुकं बसवता तुम्ही माणसाले,” त्या म्हणाल्या. मग थोडं चालून: “सायलीले रागावू नका. मी रागावते काय रागवायचं ते.”

“तिचं चुकलं विहीणबाई, पण तिनं…”

“चुकलं तर चुकलंच. माह्या नावानं पाठवायचे होते तर मले सांगायचं होतं.” त्या थांबल्या. “मी असे पडलेले पाठवले असते का? मी जिते धरून पाठवले असते. वरण पातळ असते कोनाचं, तर कोनाचे उंदीर शिळे. बरोबर झालं म्हना आपलं.”

स्मिता हसली की रडली, ते तिला ठरवता आलं नाही. त्यांना घरी सोडताना त्यांनी या वेळी तिचा खांदा पहिल्यापासूनच धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्मिता आली तेव्हा गेटपाशी तुळशीराम उभा होता. त्याच्या हातात तारेचा पिंजरा, पिंजऱ्यात एक लठ्ठ उंदीर गोल गोल फिरत होता. मागे प्रेमलताबाई, वारंवार पदर सारखा करत.

“एकच भेटला,” तुळशीराम पुटपुटला.

“पिंजऱ्यापाशी मी सोता उभी होती,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “घालायचा नसन तर नका घालू. पण दाखवायले आणला.”

रघुनाथरावांनी उंदराकडे पाहिलं, भिंतीवरच्या तिसऱ्या नियमाकडे पाहिलं, आणि मान हलवली: नाही. प्रेमलताबाईंनी मान डोलावली: बरोबर आहे.

स्मिता तीन नंबरकडे गेली. गोणपाटाच्या कोपऱ्याला हात लावला आणि उभीच राहिली. मागे विहीणबाईंची चाहूल होती, श्वासाची. तिनं गोणपाट उचललं.

घुबड मधल्या दांडीवर होतं. एक डोळा उघडा. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि, फार जोरात नाही, पण स्पष्ट, फिस्स केलं.

खाली नव्या वर्तमानपत्रावर अंगठ्याएवढी काळी, ओली, चकचकीत गोळी पडली होती. कागद बाकी कोरा होता.

स्मितानं ती उचलून आणली आणि बाहेरच्या बाकावर काडीनं हळूहळू उलगडली, रोजच्यासारखी. राखाडी केस. काडीपेक्षा बारीक हाडं. प्रेमलताबाई वाकून पाहत होत्या. एका जागी नखाएवढी कवटी निघाली, पुढच्या दोन पिवळ्या दातांसकट. त्यांनी ती तळहातावर घेतली, उन्हात फिरवून पाहिली.

“माह्याच घरचा होय हा,” त्या कुजबुजल्या. मग नियम आठवून झटकन ओठ मिटले.

स्मितानं वही उघडली. रविवार आणि सोमवारच्या ओळींपुढे, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, तिनं लिहिलं: उंदीर सावरगावचे, न पाहता घातले, स्मिता. मग पेटीतून एक पांढरा उंदीर काढायला ती उठली. औषध त्याच्यात घालून द्यायचं होतं, आजपासून एकवीस दिवस.